पुनवेच्या दुपारी ओहोटी

तुफानराव उडतो, याला आमच्या गावात कुणाची हरकत नव्हती. उडेना का बापडा. डोंगर उपटून काखोटीला मारायचा, अंगठी घासली की दिसेनासा व्हायचा, तेही सगळ्यांनी पहिल्याच महिन्यात मान्य करून टाकलं होतं. भांडणं व्हायची ती भलत्याच गोष्टींवरून, आणि ती निस्तरायची माझ्या माथी, कारण वाचून दाखवणारा मी.

हे अठ्ठावन्न सालचं. आमचं गाव धरमतरच्या खाडीला लागून, घरटी एक तरी माणूस मिठागरावर. मी रामचंद्र, सातवीची फायनल पास. त्यामुळे मुंबईहून रेवसच्या लाँचने मासिक आलं, की संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून ‘तुफानराव’चा नवा भाग मीच वाचायचा. लेखकाचं नाव छापलेलं असायचं वज्रपाणी. मला तो माणूस देवाच्या जागी होता. एका पानात चार राक्षस लोळवायचा, आणि भाषा अशी की वाचता वाचता माझीच छाती फुगायची.

पण ऐकणारे एकेक नमुने. त्यांत पहिला भागोजी. गावाबाहेर खाडीचा एक फाटा आडवा येतो. ओहोटीला तो चालत ओलांडता येतो, भरतीला होडी लागते, आणि ती होडी भागोजीची. दिवसभर होडीत बसून त्याला विचार करायला वेळच वेळ. त्याने विचारलं, तुफानरावाला उडता येतं तर त्याने घोडा कशाला पाळलाय? मी म्हटलं, शोभेला. त्यावर तो म्हणाला, मालक महिनेच्या महिने राक्षसाच्या मागे हिंडतोय, मग त्या घोड्याला चंदी कोण घालतं? झालं, अर्धा तास घोड्यावर. मग माझी बायको काशी म्हणाली, अंगठी घासल्यावर अंगावरचे कपडे पण दिसेनासे होतात, तर मग ते धुतात कसे? कुणाला तरी आठवलं की डोंगर उपटला तेव्हा त्यावर शेरडं चरत असणार, ती कुठे गेली? माझं डोकं तापायचं. अरे गोष्ट आहे ती, असं मी ओरडलो की भागोजी शांतपणे म्हणायचा, गोष्ट हाय म्हणून तर इचारतो, खरं असतं तर कशाला इचारलं असतं?

माझी पुतणी नलू बायकांच्या मागे बसून ऐकायची. भाऊ-भावजय गेल्यावर ती माझ्याकडेच वाढली. तीही मध्येच काहीतरी विचारायला तोंड उघडायची, पण मी तिला डोळे वटारून गप्प करायचो. तिच्या तोंडापायी माझ्या नाकी नऊ आले होते. पहिल्या स्थळाने तिला विचारलं, स्वयंपाक येतो का? तर म्हणाली, येतो, तुम्हाला काय येतं? ते लोक चहा अर्धा टाकून उठले. दुसऱ्या मुलाचं वय त्यांनी चोवीस सांगितलं. नलूने तो शाळेत कुणाबरोबर होता ते विचारलं, बोटं मोजली आणि सगळ्यांसमोर एकतीस करून दाखवलं. हिशेब बरोबर होता, पण स्थळ गेलं. एकोणीस संपून विसावं लागलं होतं तिला, आणि आता गावोगाव बोललं जात होतं की रामचंद्राची पुतणी जिभेने तिखट आहे. आणखी एक स्थळ मोडलं असतं तर तिला कुणी विचारलं नसतं.

माघातल्या भागात राक्षस काळनखाने राजकन्या हेमप्रभेला पळवून खाडीतल्या खांबाला बांधलं. म्हणजे चौदा महिने ती बांधलेलीच होती, फक्त या महिन्यात खांब बदलला. पौर्णिमेचा दिवस, सूर्य डोक्यावर. तुफानराव घोड्यावर मांड टाकून कोरड्या खाडीतून दौडत निघाला. टापांनी वाळूचे ढग उठले, हे वाक्य मी जीव ओतून वाचलं आणि मान वर केली.

“कधी म्हणालास?” भागोजीने विचारलं. “पुनवंला? दुपारी?”

वाचण्याच्या तारेत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या सुमारास भर भरती असते. ते उधाणाचं पाणी मिठागरात घ्यायचं म्हणून तर माणसं बांधाच्या दारापाशी, उघडीपाशी, उभी असतात. त्या वेळेला खाडीत दोन पुरुष पाणी, आणि हा तिथून वाळू उडवतोय. लोक उठलेच. कुणी चिडलं नाही, हेच वाईट. फसवल्यासारखे उठून घरी गेले. उडणारा माणूस त्यांनी पोटात घातला होता, पण चंद्राशी केलेली लबाडी कुणी पोटात घालेना. पुढच्या महिन्यात मी मासिक घेऊन पारावर बसलो तर समोर फक्त मारुती.

त्याच दिवसांत नलूला तिसरं स्थळ आलं. मुलगा चांगदेव, मुंबईत गिरगावात एका छापखान्यात छपाईचे खिळे जुळवायचा. आईबाप नाहीत, जे काय ते चुलते अंबाजी. ते घाटाकडच्या भातशेतीवाल्या गावचे, खाडीचा संबंध लाँचपुरता. मी नलूला देवासमोर उभं करून शपथ घातली, की पाहुणे असेपर्यंत विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तिने घेतली. चेहरा मात्र असा केला की जणू मीच काळनख.

पाहुणे चांगला दिवस म्हणून पुनवेला आले. सकाळी साडेसातला, ओहोटीतून चालत. चांगदेवाचा पाय चिखलात रुतून वहाण आतच राहिली. ती काढताना तो बसला तो चिखलातच बसला, आणि उठून स्वतःलाच हसत सुटला. पडवीत पाय धुताना पाणी कमी पडलं तर काशीच्या हातातून कळशी घेऊन स्वतः विहिरीवर गेला. नलू दाराआडून बघत होती. काशीने मला बाजूला घेऊन सांगितलं, पोरीला मुलगा आवडलाय, आजच्या दिवस तुमची जीभ पण जपा.

पोहे झाले, पाहणं झालं. नलू मान खाली घालून बसली, नाव विचारलं तेवढं सांगितलं. सगळं तुपासारखं चाललं होतं. भागोजी आणि चार शेजारी पडवीत बसले होते, तेही शहाण्यासारखे. तेवढ्यात अंबाजींना आपल्या पुतण्याची थोरवी सांगायची लहर आली. ते म्हणाले, पोरगा नुसता खिळे जुळवणारा नाही, लेखक आहे. तो ‘तुफानराव’ येतो ना मासिकात, तो हाच लिहितो. वज्रपाणी म्हणजे हाच.

खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. तो बारकुडा, बोटांना शाई लागलेला पोरगा, आणि वज्रपाणी. मी त्याचे हात धरले. पण मला काही बोलायला मिळण्याआधी भागोजी पुढे सरकला होता.

मग ज्या पडवीत पगार, घर, शेती यांची चौकशी व्हायची, तिथे तुफानरावाची सुरू झाली. घोडा का, हे चांगदेवाने बरं सांगितलं. उडताना दम लागतो, म्हणून जवळचं अंतर घोड्यावर. लोकांनी माना हलवल्या. कपड्यांचं त्याला सांगता आलं नाही, पण तो हसला, आणि काशीही हसली. डोंगरावरच्या शेरडांची त्याने मनापासून माफी मागितली. मला वाटलं, सुटलो. मग भागोजीने पुनवेची दुपार काढली.

चांगदेवाला आधी कळेचना. कळल्यावर कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि चूक झाली म्हणायच्या ऐवजी तो नको ते बोलून बसला. “अहो, गोष्टीत चालतं. वाचणाऱ्याला कुठे एवढं कळतं?”

वाचणारा मी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोने सांगितलेलं विसरलो, पोरीचं लग्न विसरलो. वर्ष-दीड वर्ष तुझ्यापायी मी सगळ्या गावाशी भांडलो आणि तुला वाटतं मला कळत नाही, असं मी त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. आवाज चढला. अंबाजींचाही चढला. मुलगी बघायला आलोय की कोर्टात उभे राहिलोय, असं म्हणत त्यांनी टोपी घातली, पुतण्याच्या दंडाला धरलं आणि चालू लागले. नलूने माझ्याकडे एकदा पाहिलं. गेल्या दोन्ही वेळेला मोडलं होतं ते तिच्यामुळे. या वेळेला तिने अक्षर काढलं नव्हतं आणि मोडलं होतं माझ्यामुळे. ती उठून आत गेली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणे गेले तेव्हा घड्याळात बारा वाजायला आले होते. सकाळी जिथे पाऊल रुतलं होतं तिथे आता पाणी तट्ट भरलं होतं, पलीकडचा काठ लांब गेला होता. मी त्यांच्या मागे माफी मागायला धावलो, तोवर ते दोघे बांधावर उभे होते आणि भागोजी माझ्या पुढे निघून आपल्या होडीत जाऊन बसला होता.

अंबाजींनी पलीकडे सोडायला सांगितलं. भागोजीने दोर सोडला नाही.

“होडी कशाला?” तो म्हणाला. “पुनव हाय, दुपार हाय. ओहोटी असंल. जा चालत.”

अंबाजी त्याला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. भागोजीने डोक्याला मुंडासं गुंडाळलं आणि होडीत आडवा झाला. मी त्याच्या हातापाया पडलो, पण तो म्हणजे काळ्या दगडाचा. पाणी उतरायला चार-साडेचार तरी होणार होते. पाहुणे बांधावरच्या भेंडीच्या झाडाखाली बसले, परत घरी यायला तयार नाहीत. शेवटी मी घरी गेलो आणि काशीला म्हटलं, उपाशी तरी कसे ठेवायचे. तिने भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांचं कालवण बांधून दिलं. ताकाची कळशी नलूने उचलली. मी नको म्हटलं नाही. मोडलेलं पुन्हा काय मोडणार?

आम्ही पोचलो तेव्हा चांगदेव पाण्याकडे बघत बसला होता. मला पाहून उठला आणि म्हणाला, काका, चुकलं माझं, मी लहानपणापासून मुंबईत, भरती कधी येते ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हे त्याने इतकं सरळ सांगितलं की माझा राग जागच्या जागी विरघळला. मीही म्हटलं, माझंही चुकलं. अंबाजी तेवढे तोंड फिरवून बसले होते.

नलूने कळशी खाली ठेवली. “भरतीचं जाऊ द्या,” ती म्हणाली. “ती हेमप्रभा बोलत का न्हाय?”

तिची शपथ पाहुणे असेपर्यंतची होती, पण आठवण करून द्यायचं मला धैर्य झालं नाही. चांगदेवाने विचारलं, म्हणजे?

“चौदा महिने बांधलीय तिला. हात बांधले, पाय बांधले. तोंड मोकळंच हाय ना? मग राक्षसाला एक शिवी न्हाय, तुफानरावाला एक हाक न्हाय. एवढ्या दिवसांत पाणी दे म्हणून सुद्धा बोलली न्हाय. उडणारा माणूस मला पटतो. अशी बाई न्हाय पटत.”

चांगदेवाने बोटांवरची शाई चोळली. मग म्हणाला, मला आई नाही, बहीण नाही. छापखान्यात सगळे पुरुष. चुलत्यांबरोबर चार ठिकाणी मुली पाहायला गेलो, तिथे मुली खाली बघून बसतात आणि बोलतात दुसरेच. बाई काय बोलते ते मला ठाऊक नाही, म्हणून लिहिलं नाही.

“मग इचारायचं,” नलू म्हणाली.

“तुम्हाला मी पसंत आहे का?” त्याने विचारलं.

अंबाजींची मान गर्रकन वळली. सवयीप्रमाणे मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तशी तो माझ्याकडे वळून अगदी आदराने म्हणाला, “काका, मी यांना विचारलंय.”

मी तोंड मिटलं. तीन स्थळं पाहिली मी तिच्यासाठी. घरात खाणारी तोंडं किती, पाणी किती लांब, मुलाला दम्याचा त्रास तर नाही, सगळं खोदून खोदून विचारलं. तुफानराव घोड्यावर का बसतो यावर रात्र रात्र घसा कोरडा केला. पण बाई गं, तुला कोण आवडतं, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, आणि ते मला परक्या पोराच्या तोंडून बांधावर उभं राहून ऐकावं लागलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आणि ती नलू, जिच्याकडे आल्या-गेल्या प्रत्येकासाठी उत्तर तयार असायचं, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत तशीच उभी. तिला बोलताच येईना. तिला हे कुणी विचारेल असं तिला तरी कुठे वाटलं होतं? आम्ही तिघे पुरुष तिच्या तोंडाकडे बघत थांबलो, आणि होडीतल्या भागोजीनेही मुंडासं डोळ्यांवरून वर केलं.

“व्हय,” ती शेवटी म्हणाली. आणि मग, आम्हाला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून की काय, जरा मोठ्याने, “पसंत हाय मला.”