बजेटच्या दिवशीची जिलेबी

विसरवाडीच्या नाक्यावर बजेटच्या दिवशी जिलेबी घेणारा अख्ख्या तालुक्यात एकच माणूस, फौजेतला निवृत्त हवालदार पितांबर. फौजेचा खर्च वाढला की स्वारी खूश. आणि तो काय, दरसाल वाढतोच! "पैसा वाढना म्हंजे भरती वाढनी," हे त्याचं गणित. टीव्हीवरचा आकडा तो गावभर असा सांगत फिरे, जणू स्वतःच मंजूर करून आला.

याच गणितानं त्यानं पोराचं वाटोळं केलं. सहा वर्षांपूर्वी धीरजची पोलिसात निवड झाली होती. हजर व्हायला आठ दिवस उरले, तोच पितांबर गरजला, "हवालदारना पोऱ्या चौकमा शिट्टी वाजाडी का? औंदा फौजले पैसा वाढना शे, मोठी भरती निंघी. थांब!" धीरज थांबला. फौजेनंही भरती थांबवली, चांगली दोन वर्षं! पुन्हा निघाली ती चार वर्षांच्या नोकरीची, आणि वयात सूट देऊनही धीरज तीन महिन्यांनी मोठा ठरला. नंतर पोलिसातही दोनदा गुण कमी पडले. आता तो सुरतेला गिरणीच्या फाटकावर वॉचमन आहे.

यंदाही पितांबर पुडा घेऊन घरी आला. धाकटी सीमा बॅग भरत होती. तिचीही पोलिसात निवड झाली होती, उद्या हजर व्हायचं होतं. बॅग बघून पितांबरनं पुडा न सोडताच बाजूला ठेवला.

"पोरी, जरा थांब. आते फौजमा पोरीस्लेबी लेतस. औंदाना आकडा देखा का?"

त्याच्या बायकोचं, सरलाबाईचं टाळकंच सरकलं. "एक पोऱ्या फाटकवर उभा करा, तेवढामा पोट भरनं नई का तुम्हनं?"

बहिणीला पोचवायला धीरज सुट्टी काढून आला होता. तो शांतपणे म्हणाला, "आबा, पैसा वाढना, पन माणसं कमी व्हयनात. लाखभर. पैसा गया विमानास्ले, तोफास्ले, आनि तुम्हना पेन्शनले. नव्या पोरेस्ले पेन्शन देनी पडाले नको, म्हनीसन चारच वरीस ठेवतस."

पितांबरला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं. बँकेत महिन्याच्या महिन्याला जमा होणारी पेन्शन म्हणजे आपल्या इमानाची कमाई, एवढंच त्याला ठाऊक. त्याला पोराचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

सकाळी तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला. सीमा पाया पडेल तेव्हा काय बोलायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं.

सीमा आईच्या पाया पडली आणि भावाच्या गाडीवर जाऊन बसली.