माक्याचं तेल

शलाका पुण्याहून आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आली, तेव्हा तिला माका आणि गाजरगवत यांतला फरक कळत नव्हता. मीच दाखवला. आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमागे एक रिकामी साईट आहे. तिथे पाइप गळतो आणि त्या ओलीत वर्षभर माका उगवतो. पान चुरडल्यावर बोटं काळी झाली तर तो माका, एवढं सांगून मी मोकळी झाले. तिथेच चुकलं माझं.

पुढच्याच रविवारी ती माझ्या सुनेला घेऊन तिथे गेली. संहिता सात वर्षं या घरात आहे, मला सासू म्हणून 'अत्ते' अशी हाक मारते. मी कितीदा म्हटलं, चल माझ्याबरोबर, तर तिला ऑफिसचा शीण असायचा. शलाकाने एक हाक मारली आणि बाई पिशवी घेऊन तयार. दोघी चिखलाच्या पायांनी खिदळत परत आल्या. गॅलरीतून ते पाहिलं आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मग शलाकाचे साबण झाले, तुळशीचं मलम झालं, ताकातली ब्राह्मीची तंबुळी झाली. संहिता जेवताना तिचंच कौतुक करायची. मला लेक नाही. रविवारी सकाळी संहिता माझ्यापुढे पाटावर बसायची, मी तिच्या केसांना तेल लावायची आणि ती ऑफिसातल्या कागाळ्या सांगायची. तेवढा अर्धा तास माझा होता, आणि तोही ही पोरगी नेणार असं मला वाटू लागलं.

एक दिवस ती वही घेऊन वर आलीच. "अक्का, तुमचं तेल शिकवा ना. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना गिफ्ट द्यायचंय."

"सरी, बस," मी कानडीतच होकार दिला.

माक्याचा रस किती, खोबरेल किती, आच किती मंद, सगळं सांगितलं. फक्त शेवटची गोष्ट सांगितली नाही. तेलात कापसाची वात बुडवून पेटवायची. ती तडतडली तर रसातलं पाणी उरलंय, आणखी कढवायचं. पाणी राहिलं की तेल नासतं. हे मी गिळलं आणि वर तिला फिल्टर कॉफी पाजली.

तीन आठवड्यांत तिच्या अकरा बाटल्या अकरा घरांत आंबल्या. दोन दिवस मी खुशीत होते, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी संहिताने त्यातली एक माझ्यापुढे आणून ठेवली. बाटलीवर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'पद्मावती अक्कांचं तेल'.

"अत्ते, वातीचं तिला सांगितलंत ना?"

"विसरले असेन."

"मला तर लग्न झाल्या झाल्या सांगितलं होतंत."

मी चप्पल घातली आणि खाली गेले. शलाका बाटल्या बादलीत रिकाम्या करत होती. मला पाहून तीच ओशाळली.

"सॉरी अक्का. तुमचं नाव खराब केलं मी."

"अगं, वात पेटवून बघायची असते. ते सांगायचं राहिलं माझं."

"माहितीये. तेल कढत होतं तेव्हाच संहिता म्हणाली होती. मीच ऐकलं नाही. म्हटलं, अक्कांनी स्वतः बसवून शिकवलंय. गरज असती तर त्यांनी सांगितलं नसतं का? भांडलेच मी तिच्याशी." तिने पुढची बाटली उचलली. "असू दे. एवढं सगळं सांगताना एखादी गोष्ट विसरतोच माणूस."

मागे जिन्यात संहिताच्या पैंजणांचा आवाज येऊन थांबला होता. गप्प बसले असते तर तिथेच मिटलं असतं. शलाकाने मला माफसुद्धा करून टाकलं होतं.

"विसरले नव्हते मी," मी म्हटलं. मागे वळून बघायचा धीर मला झाला नाही.