आतून मूठ नसलेला दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. आगगाडीच्या डब्याचा, इंग्लंडातला, अस्सल सागवानी. सध्या मुक्काम अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या एका गॅरेजात, गवत कापायच्या मशीनशेजारी. म्हणून मला कुणी अडगळीत जमा धरू नये.

माझी खोड आधीच सांगतो. मला आतून मूठ नाही. उतरायचं तर कातडी पट्टा सोडून काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची मूठ फिरवायची. धावत्या गाडीत कुणी चुकून उघडू नये म्हणून ही शक्कल. उतरणाऱ्याचा विचार मात्र कुणी केला नाही, हे मी तोंडावर सांगतो.

पहिली नोकरी खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या एका छोट्या लाइनीवर. दुधाचे कॅन, शाळेची पोरं, बाजारच्या दिवशी टोपलीतल्या कोंबड्या. एखादी बाई धावत येताना दिसली की गार्ड हिरवं निशाण काखेत धरून थांबायचा. सगळी रोजचीच माणसं. माझी खोड त्यांच्या अंगवळणी पडलेली.

पुढे आमचा डबा बोट ट्रेनला जोडू लागले. बोट ट्रेन म्हणजे बंदरावर जहाजाला भेटणारी गाडी. जहाज धुक्यात अडकलं की आम्हीही धक्क्यावर ताटकळायचो. तिच्यातली माणसं निराळी. दूरदेशाहून आलेली, ट्रंकेवर हात ठेवून बसलेली. लंडन आलं की माझ्यासमोर उभी राहायची, मूठ शोधत मला चाचपायची आणि कुणी बाहेरून उघडेल म्हणून खालमानेनं वाट बघायची.

माझी आताची मालकीण वसुधा नवी नवी इंग्लंडात आली तेव्हा अशीच अडकली होती, दुसऱ्या एका बोट ट्रेनमध्ये. प्लॅटफॉर्मवर घ्यायला आलेल्या नवऱ्यानं, डॉक्टर चंद्रशेखरांनी, दार उघडलं आणि जन्मभर चेष्टा केली, "हिला इंग्लंडात उतरायला मी लागलो."

आमची लाइन बंद पडली, डबे मोडीत निघाले. चंद्रशेखरांनी मला भंगारातून उचललं आणि पुढे अमेरिकेत, श्रूजबरीच्या घरी, भिंतीला टेकवून ठेवलं. पाहुण्यांना सांगायचे, "हाच तो दरवाजा." साफ खोटं. पण मी कधी कुरकुरलो नाही.

गेल्या वर्षी ते गेले. वसुधा इथे मुलाकडे आली ती मला घेऊनच. तिच्या खोलीला मीच हवा.

"आई, आत अडकलीस तर?" मिहीर म्हणाला. "आतून हँडल बसवतो. नाहीतर हा गॅरेजमध्येच राहील."

"भोक पाडायचं नाही. काच खाली करीन, हात घालीन. आख्खं इंग्लंड तसंच उतरायचं."

"आई, तुमचा खांदा..." सून नीलांबरी म्हणाली.

"माझा खांदा माझ्याकडे आहे. तू चहा टाक."

आज सकाळी मला तिच्या खोलीच्या चौकटीत तात्पुरतं बसवून पाहिलं. वसुधा आत गेली, मला ओढून घेतलं. पट्टा सोडला, काच उतरली, हात बाहेर आला. पण खांदा पुढे जाईना. बोटं मुठीच्या वर वीतभर हवेतच राहिली. मिहीर बाहेर उभा. आईनं म्हटल्याशिवाय तो मूठ फिरवणार नव्हता, आणि ती म्हणेना. सकाळचा चहा उकळून गार झाला असेल.

मला सगळं कळत होतं. नवऱ्यानं उघडलं होतं तेव्हा ती नवी होती. आता रोज सकाळी कुणीतरी येऊन आपल्याला बाहेर काढायचं, हे या बाईला मरणाहून वाईट. भोक पडलं तर पडू दे, मी सागवान आहे, सोसेन, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण लाकडाला कुठला आवाज.

"मिहीर," शेवटी ती म्हणाली. "उघड."

त्यानं उघडलं.

"आणि मूठ आण. पितळी. ते चकचकीत स्टील मला दाखवूसुद्धा नकोस."

"ओके."

"ओके काय? पेन्सिल दे. भोक कुठे ते मी ठरवणार."

मिहीर पेन्सिल शोधायला गेलाय. मी पुन्हा गॅरेजात. वसुधाबाई, एवढंच ऐका. मी कसा दिसेन याची काळजी करू नका. खूण जरा खालीच करा. खांदा न उचलता हात पोचेल, अशी.