कुणालाही सुचलं असतं

“पुन्हा म्हणा,” वकीलबाई म्हणाल्या, “आणि या खेपेला मान खाली घालू नका. चोरी करून आल्यासारखे दिसता.”

“कुणालाही सुचलं असतं.”

“कुणालाही म्हणजे?”

“या धंद्यातल्या कुठल्याही सामान्य कारागिराला.”

“झकास. आता हेच तासाभराने कोर्टात.”

वाद एका बिजागरीचा होता. इअरफोनच्या डबीचे झाकण फटकन आपटू नये, बोट निसटेल तिथे थांबावे आणि मग हलकेच मिटावे, अशी ती बिजागरी त्याने जुन्या कंपनीत असताना घडवली होती. पेटंट कंपनीचे, संशोधक म्हणून नाव त्याचे. पुढे खर्चकपातीत जुन्या कंपनीला तो जादा वाटला आणि तिने त्याला दाराबाहेर काढले. नव्या कंपनीने असामान्य डोक्याचा माणूस म्हणून त्याला हाताला धरून आत नेले. वर्षभरात नव्या कंपनीच्या डब्याही तशाच हलकेच मिटू लागल्या, तेव्हा जुनीने दावा ठोकला.

कायद्यात एक उदात्त तरतूद आहे: जे सामान्य कारागिराला सहज सुचेल, त्यावर कुणाची मक्तेदारी नाही. तेव्हा ज्यांनी त्याला जादा ठरवले, ते आता त्याला प्रतिभावंत ठरवायला निघाले होते. आणि ज्यांनी प्रतिभावंत म्हणून मिरवत आणले, त्यांना तो सामान्य हवा होता. माणूस तोच, डोके तेच. भाव तेवढा बाजू पाहून ठरत होता.

“पण आईचं काय?” त्याने विचारले. “तिचे हात थरथरतात. झाकण सारखं बोटावर आपटायचं. त्यावरूनच तर मी...”

“ते काढायचंच नाही. अहो, आईच्या हातांकडे दोन वर्षं बघत बसलेला माणूस सामान्य कसा ठरेल? न्यायाधीश विरघळतील. कशावरून सुचलं विचारलं, तर म्हणा, काम करता करता जमून गेलं.”

सकाळी बायकोनेही कोटाची कॉलर सारखी करता करता हेच वेगळ्या शब्दांत सांगितले होते. “खरं बोलायची हौस नंतर भागवा. या वयात तिसरी कंपनी तुम्हाला दारात उभं करणार नाही.”

“आईला काय सांगू?”

“त्यांना काय कळतंय पेटंट न् बिटंट.”

“माझ्याच झाकणाचं ना ते?” आतून आईचा आवाज आला होता. “सावकाश बोल म्हणावं त्याला. घाबरला की अडखळतो.”

कोर्टात जुन्या कंपनीच्या वकिलाने त्याची इतकी स्तुती केली की ऐकणाऱ्याला सत्कार समारंभ वाटावा.

“साक्षीदार विनयाने बोलतायत. हे विलक्षण बुद्धीचं काम आहे.”

“मला काढलंत तेव्हा असं कुणी म्हणालं नव्हतं,” तो म्हणाला. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

“सांगा ना मग, कशावरून सुचलं?”

तो घोटभर पाणी प्यायला.

“काम करता करता जमून गेलं.”

“कुणासाठी म्हणून केलं नव्हतंत?”

“नाही.”

“म्हणजे कुणालाही सुचलं असतं?”

“कुणालाही.” तो एकदाही अडखळला नाही.

जेवणाच्या सुट्टीत दोन्ही कंपन्यांचे साहेब एकाच टेबलावर बसले, आणि टेबलावरून उठायच्या आत तडजोड झाली: हिने तिची पेटंटं वापरावीत, तिने हिची. रेड्यांच्या झुंजीत झुडपांवर काळ येतो म्हणतात. इथे झुडपाकडून आधी वदवूनही घेतले होते की आपण झुडूपच आहोत.

“तुमच्या साक्षीनेच नरमले ते,” वकीलबाई पर्स बंद करत म्हणाल्या. “नोकरीची काळजी सोडा आता.”

घरी आई दाराशीच खुर्ची टाकून बसली होती.

“माझं नाव निघालं का रे तिथे?”

“नाही.”

“कुणी विचारलंच नाही?”

“विचारलं. मी सांगितलं नाही.”

आई खुर्चीचा हात धरून उठली. मग म्हणाली, “बरं केलंस. चार लोकांत कशाला माझ्या हातांची चर्चा? दिवसभर जिवाला तोच घोर. म्हटलं, हा भोळा, सांगून बसेल.”

तो बूट काढायला खाली वाकला. मागून तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. कोटाच्या जाड कापडातूनही ती बोटे एकसारखी थरथरताना जाणवत होती. बूट केव्हाच निघाले होते. तो तसाच वाकून राहिला.