सगळ्यात उंच रेघ

सकाळी सकाळीच लोहारानं भूकंपवाल्या ताईच्या लाल फुलीवर कोळसा फासला आणि नवराबायकोच्या भांडणाला तोंड फुटलं.

ताई आली होती जमिनीची नाडी बघायला. बरेच दिवस गावाच्या पोटात गुरगुर चालली होती. फडताळातली भांडी आपोआप वाजायची, कुत्री रडायची. ताईनं गावाबाहेरच्या रानात खड्डा खणून यंत्र बसवलं, तंबूतल्या पडद्याला वायर जोडली, आणि मग घरोघर फिरून भिंती तपासल्या. जी पडण्यासारखी, तिच्यावर लाल फुली. लोहाराच्या भट्टीची मागची भिंत दगडमातीची, वर मातीचं जड छप्पर. फुली पडणारच. आणि लोहाराची बाज नेमकी त्याच भिंतीला टेकलेली.

"अहो, सगळं गाव रात्रीचं रानात मुक्कामाला जातंय," लोहारीण म्हणाली. "तुम्हालाच काय सोनं लागलंय?"

"रानात पळायला मी काय ससा आहे? आज्यानं बांधलेली भिंत आहे ही. रोज घणाचे हादरे खाते. तिला जमिनीच्या गुदगुल्या काय करणार!"

"हादरे खाऊन खाऊनच खिळखिळी झालीये."

"तू जा. मी हलायचा नाही."

तिनं रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. जेवण सोडून पाहिलं, तर दुपारी तिलाच भूक लागली. नवरा कसला, हट्टाला हातपाय फुटलेले! पण त्याच्यावर तिचा जीव होता, आणि रात्री रानात पाठ टेकली तरी झोप लागायची नाही. एक कान सारखा गावाकडे लागलेला असायचा.

एके दिवशी ती तंबूशी गेली तर तिथे जत्रेसारखी गर्दी. ताईला यंत्र नीट चालतंय का बघायचं होतं, म्हणून ती शिंप्याला म्हणाली, "काका, जरा एक उडी मारा." शिंपी उडाला, पडद्यावर टुणकन रेघ उठली. झालं! मग न्हावी उडाला, न्हाव्याची सासू उडाली. ज्यांचं जन्मात पटलं नाही ते हातात हात घालून उडाले. "अहो, बास! यंत्र भूकंपासाठी आहे!" ताई ओरडत होती, पण तिलाच हसू आवरेना.

लोहारणीचा थोरला भाऊ, गिरणीवाला, तेवढा झाडाखाली गुडघे चोळत बसला होता. त्याला बघून लोहारणीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती पदर खोचून भट्टीकडे धावत सुटली.

"अहो, ऐकलंत का? आमच्या दादानं उडी मारली. पडद्याच्या टोकाला टेकली रेघ! ताई म्हणते, असा वजनदार माणूस गावात दुसरा नाही."

भाता थांबला. "कोण? तो पिठोबा?"

"मी म्हटलं, ह्यांना बोलावते. तर दादा म्हणतो, नको गं, दाजींची उगाच शोभा होईल."

लोहारानं लालबुंद कोयता पाण्यात बुडवला, घण खांद्यावर टाकला आणि तरातरा निघाला. मागून लोहारीण, तोंडात पदराचा बोळा कोंबून.

"काका, घण कशाला?" ताई घाबरली.

"उड्या पोरं मारतात."

"बरं बरं, पण लांब, त्या खडकावर. एकदाच."

लोक गोल करून उभे राहिले. लोहार हातावर थुंकला, घण पार डोक्यामागे नेला आणि खडकावर घातला. धाडकन!

आणि जमीन हलली. चाळणीत धान्य हलावं तशी हलली. तंबू आडवा झाला, शिंपी बसकण मारून बसला, गिरणीवाल्यानं झाडाला मिठी मारली. गावाकडून धडधड आवाज आला, धुळीचा लोट उठला.

लोहार पांढराफटक पडला. "अगं, मी एकदाच मारला गं!"

"घण काढून घ्या त्याच्या हातातला!" कुणीतरी किंचाळलं.

"दाजी, पाया पडतो, ठेवा तो खाली!" गिरणीवाला झाडाला चिकटूनच ओरडला.

"भूकंप आहे हा! काकांचा काही संबंध नाही!" ताई जीव तोडून सांगत होती. ऐकतंय कोण?

उड्या मारायला आणि बघायला सगळं गाव रानात आलेलं, त्यामुळे कुणाला खरचटलंही नाही. ताईनं पुन्हा धक्का बसेल म्हणून बराच वेळ कुणाला सोडलं नाही. मग नवराबायको भट्टीसमोरच्या रस्त्यावर येऊन लांबूनच बघत उभी राहिली. मागची भिंत सबंध बाजेवर निजली होती. बाजेचे नुसते दोन खूर बाहेर दिसत होते.

लोहारीण हसायला लागली, आणि हसता हसता ढसाढसा रडायला लागली.

"तुझ्या भावाची रेघ," लोहार हळूच म्हणाला, "खरंच एवढी उठली होती?"

"दादा उडालाच नाही. गुडघे दुखतात त्याचे."

"म्हणजे फसवलंस मला?"

"फसवलं."

लोहार बाजेकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं भर रस्त्यात बायकोचा हात धरला.

"बरं केलंस," तो म्हणाला. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "पण पिठोबाला सांगू नकोस. घणानंच झालं असं वाटू दे त्याला."