पंधरा नोव्हेंबरची रजा

कोल्टन डिव्रीजने ऑगस्टमध्येच आपल्या रजांचा रंगीत तक्ता वॉर्डातल्या कपाटाच्या दारावर चिकटवला, आणि त्या दिवसापासून टेसा हैक्किलाला तो डोळ्यांसमोर नकोसा झाला. मेडिकलचं शेवटचं वर्ष होतं. थंडी सुरू झाली की रेसिडेन्सीच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या पुढच्या प्रशिक्षणाच्या, मुलाखती सुरू होणार आणि वॉर्डातली ड्युटीही चालूच राहणार. नियम साधा होता. तुकडीतल्या एकाच विद्यार्थ्याने एका दिवशी रजेवर जायचं आणि मागे राहील त्याने दोघांचे पेशंट सांभाळायचे. या तुकडीत दोघंच होते, टेसा आणि हा दिवटा. मुलाखतीचं एकही पत्र आलेलं नसताना त्याने नोव्हेंबरातले चांगले चांगले दिवस आपल्या नावावर करून टाकले होते. पाहुणे यायच्या आधीच ताट ओढून बसणारी माणसं असतात, त्यातला तो.

त्याचा बाप सर्जन, आजा सर्जन. त्याला एकोणीस ठिकाणांहून बोलावणी आली. टेसाने चाळीस अर्ज केले होते, तिला दोन आली. डॉक्टरकीच्या लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत ती एकदा नापास झाली होती आणि तो डाग अर्जावर सगळ्यांत आधी दिसायचा. दोन मुलाखतींच्या भरवशावर कुणी रेसिडेन्सी मिळवत नाही. ती मिळाली नाही तर चार वर्षं पाण्यात आणि नावापुढचं डॉक्टर फक्त शोभेला. तिसरी एक आशा होती. तिच्या स्वतःच्या गावच्या, एस्कनाबाच्या हॉस्पिटलने तिला वेटिंग लिस्टवर पहिलं ठेवलं होतं. कुणी जागा सोडली तर तिचा नंबर.

ती जागा कुणी अडवली होती, ते कँटीनमध्ये कळलं.

"एस्कनाबा!" कोल्टन फोनवर बोट फिरवत म्हणाला. "अगं, तिथे माणसांपेक्षा हरणं जास्त. पंधरा नोव्हेंबर, सकाळी नऊ."

"तू जाणार आहेस तिथे रेसिडेन्सीला?"

"वेड लागलंय का मला? सरावाला घेतलीये. मोठ्या मुलाखतींच्या आधी जरा तोंड मोकळं होतं."

"कोल्टन, मी तिथे वेटिंगवर आहे. माझं गाव आहे ते. सोड ना ती."

कोल्टनने मान किंचित तिरकी केली. पेशंटशी मायेने कसं बोलावं याचा एक तास त्यांना दुसऱ्या वर्षी असायचा. तिथे शिकवलेली ती मान. "हे तुझ्यासाठी किती अवघड असेल, मी समजू शकतो," तो म्हणाला आणि तिच्या ताटलीतला बटाट्याचा काप उचलून खाल्ला.

त्यानंतर तिने त्याला आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मान तिरकी झाली. मुलाखती आता घरी बसून, कॅमेऱ्यासमोर व्हायच्या. विमान नाही, हॉटेल नाही, त्यामुळे असल्या लोकांना एकोणीसच्या एकोणीस मुलाखती कवटाळून बसायला काहीच लागत नव्हतं. स्वतः खायचं नाही आणि दुसऱ्याला खाऊ द्यायचं नाही. टेसाला राग यायचाच, पण त्याहून जास्त किळस यायची.

चौदा तारखेला दुपारी साडेतीनला तिचा फोन वाजला. एस्कनाबाच्या ऑफिसातली जोनेल बोलत होती.

"टेसा, उद्या नऊची जागा आत्ताच रिकामी झालीये. येतेस का गं? लगेच सांग, खाली अजून सहा जण आहेत."

"येते! येते म्हणजे काय, आलेच!"

फोन ठेवला आणि तिला आठवलं. उद्याची रजा कोल्टनची. मग तिलाच हसू आलं. जागा त्यानेच सोडली, म्हणजे मुलाखत नाही, आणि मुलाखत नाही तर रजा कसली? ती जवळजवळ पळतच लॉकर रूममध्ये गेली. कोल्टन बाकावर बसून पिशवीत सामान भरत होता. जाड मोजे, थर्मास, हरणाच्या मांसाचं सॉसेज, आणि सगळ्यात वर शिकाऱ्यांचं भगभगीत नारिंगी जाकीट.

मिशिगनमध्ये जन्मलेल्या माणसाला ते जाकीट बघून आणखी काही विचारावं लागत नाही. पंधरा नोव्हेंबरला बंदुकीने हरण मारायचा मोसम उघडतो. त्या दिवशी शाळा ओस पडतात, गॅरेजं बंद असतात, लग्नाच्या तारखासुद्धा तो दिवस टाळून धरतात. फक्त वॉर्डप्रमुख डॉ. फिस्टरच्या हाताखाली हरणासाठी रजा मिळत नसे. मुलाखतीसाठी मिळायची.

टेसाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. याला एस्कनाबा कधी नकोच होतं. सरावही नको होता. याला पंधरा तारीख हवी होती, आणि त्यासाठी तिच्या आयुष्याची जागा या माणसाने इतके दिवस सबब म्हणून खिशात ठेवली होती.

"ती जागा मला मिळाली," ती म्हणाली. "उद्या तू कामावर ये. मी रजेवर."

"अभिनंदन! बघ, सोडली ना शेवटी मी?" कोल्टनने पिशवीची चेन ओढली. "पण रजा माझ्या नावावर आहे, बाई. ऑगस्टपासून. तू तुझं बघ. पेशंट बघता बघता मध्येच दे मुलाखत, चादरी ठेवायच्या खोलीत वायफाय चांगलं येतं."

"मी फिस्टर मॅडमना सांगीन."

"नाही सांगणार." तो खरंच निश्चिंत होता. "चहाडी करणाऱ्या पोरीशी मार्चमध्ये रेसिडेन्सीचे निकाल लागेपर्यंत कोण बोलेल इथे?"

टेसा तडक गेली. डॉ. मार्जोरी फिस्टर नर्सिंग स्टेशनवर उभ्याने फाइल वाचत होत्या. टेसाने एका दमात सगळं सांगितलं. मागून कोल्टनही आला, खांद्यावर पिशवी आणि तिरकी मान घेऊन.

"तुम्ही बालवाडीत आहात का?" फिस्टरबाईंनी फाइलवरची नजर काढली नाही. "माझ्या वेळी आम्ही रात्रभर बसने जाऊन मुलाखत द्यायचो आणि सकाळी राउंडला हजर. कोल्टन, उद्या तुझी मुलाखत आहे की नाही?"

"मॅडम, तसं पाहिलं तर या जागा सारख्या बदलत..."

"एका शब्दात."

"नाही."

"मग सहाला ये. तुझे आठ पेशंट आणि हिचे सात. आणि ती शिकारीची पिशवी गाडीत ठेव, वॉर्डात सॉसेजचा वास येतोय."

संध्याकाळपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर बातमी पसरली. कुणी तिला चहाडखोर म्हटलं, कुणी उंदराचं, म्हणजे फितुराचं, चित्र टाकलं. तीन वर्षं जिच्यासोबत खोली वाटून घेतली त्या मैत्रिणीने लिहिलं, 'असं करायला नको होतं.' यातल्या एकानेही इतक्या दिवसांत कोल्टनला एक शब्द विचारला नव्हता. टेसाला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या लोकांची किंमत तिला त्या एका संध्याकाळी कळली. तिने फोन बंद केला.

सकाळी नऊला ती वर कोट आणि खाली लोकरीचा पायजमा घालून कॅमेऱ्यासमोर बसली. पलीकडे एस्कनाबाच्या रेसिडेन्सीच्या प्रमुख डॉ. रूथ साल्मी होत्या. साठीच्या, केस बारीक कापलेले, मागे खिडकीतून रिकामं पार्किंग दिसत होतं.

"पंधराला मुलाखती ठेवते म्हणून इथे मला वेडी म्हणतात," त्या म्हणाल्या. "मुद्दाम ठेवते. दर वर्षी चौदाला दुपारी कुणाला तरी ताप येतो. मग आम्हालाही कळतं, इथे खरंच कुणाला यायचंय ते. बरं, आज तुझे पेशंट कोण बघतंय?"

एक सहकारी, असं म्हणून भागलं असतं. टेसाने नाव सांगितलं.

"कोल्टन डिव्रीज."

साल्मीबाईंनी चष्मा चढवला आणि कागद पुढे ओढला. "काल एकशे दोन ताप कळवला, तो?"

"काल संध्याकाळी उतरला."

"कोणतं औषध दिलं?"

"डॉ. फिस्टरनी राउंडला बोलावलं."

साल्मीबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन घेतलं आणि कागदावरच्या त्याच्या नावावर एक रेघ सावकाश, पार टोकापर्यंत ओढली. मग दुसरा कागद घेतला.

"आता तुझं. पहिली परीक्षा नापास. का?"

टेसाजवळ उत्तर तयार होतं. दोन महिने आरशासमोर घोकलेलं. त्यात अडचणी होत्या, धडा होता, शेवटी जिद्द होती. कोल्टनला शोभेल असं उत्तर.

"अभ्यास केला नव्हता," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, मी हुशार आहे. इतरांना लागतो तेवढा अभ्यास मला लागत नाही. सगळ्या वर्गाला मी तुच्छ समजत होते, मॅडम."

"आणि आता?"

"आता अभ्यास करते," टेसा म्हणाली. "वर्गाबद्दलचं मत तेच आहे."

तेव्हा साल्मीबाई हसल्या.