विरजणाची माती

रोपवाटिकेच्या दारावर एक पाटी होती : ‘मुळं धुतल्याशिवाय एकही रोप बाहेर जाणार नाही.’

ही पाटी तिथल्या प्रमुख बाईंनी लावली होती, आणि त्यामागे कारण होतं. आधीच्या नोकरीत त्यांच्या डोळ्यांदेखत रोपांची एक अख्खी शेड बुरशीनं सडली होती. मुळं काळी पडली, पानं गळाली, आणि पंधरा दिवसांत उरला तो नुसता कुबट वास. तेव्हापासून बुरशी हा शब्द कानावर पडला तरी बाईंच्या कपाळावर आठी चढायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आपणही तसेच वागतो, नाही का?

म्हणून या रोपवाटिकेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या आबांच्या टोपलीपाशी थबकल्या.

आबा तिथले सर्वांत जुने माळी. पेरणीच्या दिवसांत ते सकाळीच जुन्या पाण्याच्या टाकीमागे जायचे. तिथे पाइनची चार म्हातारी झाडं होती. त्यांच्याखालची काळी माती टोपलीत भरून आणायची आणि पाइनच्या रोपाच्या प्रत्येक पिशवीत मूठभर घालायची, हा त्यांचा शिरस्ता. त्या मातीत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे असत.

“हे काय आहे, आबा?”

“विरजण आहे, बाई. याच्याशिवाय पाइन धरत नाही.”

“ही बुरशी आहे.”

“आहे ना. पण घरातली आहे. वाईट असते ती वेगळी.”

“घरातली म्हणे.” बाई हसल्या नाहीत. “टोपली उकिरड्यावर रिकामी करा. आत्ता, माझ्यासमोर.”

सगळे कामगार बघत होते. आबांनी टोपली उचलली आणि उकिरड्यावर उपडी केली. दुसऱ्या दिवसापासून माती मोठ्या पिंपांत वाफवली जाऊ लागली. रोपं बाहेर पाठवताना मुळं नळाखाली धरून पांढरी स्वच्छ धुतली जाऊ लागली. पाहुणे येत, वाखाणून जात.

आबा एकदाच बोलले, “बाई, सुक्याबरोबर ओलंही जळतंय.”

“आबा, आता तुमचं वय झालं,” बाई म्हणाल्या. “नवं तुम्हाला समजायचं नाही.”

महिन्याभरात आबा निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी त्यांनी हात पुढे केला. बाईंनी त्यांच्या नखांतली माती पाहिली आणि त्या हातात घाईनं फुलांचा गुच्छ ठेवला.

त्याच वर्षी रोपवाटिकेकडे एक मोठं काम आलं होतं. गावाबाहेरच्या टेकडीचा एक उतार पावसात घसरला होता. तीन घरं मातीखाली गेली होती, माणसांसकट. उताराच्या पायथ्याशी उरलेली गल्ली अजून तिथेच राहत होती. जायचं कुठे? माती धरून ठेवायला तिथे पाइनची बाराशे रोपं लावायची होती. ती जगली, तर गल्ली जगणार होती.

दोन पावसाळे गेले. रोपं मेली नाहीत, पण जगलीही नाहीत. जवळजवळ सगळी वीतभरच राहिली. सुयांसारखी पानं आधी पिवळी, मग जांभळट झाली. बाईंनी खत घातलं, मग आणखी घातलं. काही फरक नाही. दुसऱ्या पावसात उताराला केसाएवढी भेग पडली, तेव्हा गल्लीतल्या एका म्हातारीनं बाईंना विचारलं, “अहो बाई, तुमची झाडं मोठी कधी होणार? तेवढं सांगा, म्हणजे आम्हाला झोप लागेल.”

पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर तोंडाचा फटकळ होता. पाइप सोडता सोडता तो म्हणाला, “बाई, ही रोपं आहेत की प्लॅस्टिकची? दोन वर्षं एकाच मापात. माझ्या नातवाचे कपडे सहा महिने पुरत नाहीत.”

“मग ती खालची रांग कशी वाढली?” बाईंनी बोट दाखवलं. उताराच्या तळाशी एक रांग कमरेइतकी उंच होती, गर्द हिरवी.

ड्रायव्हरनं पाइप खाली ठेवला. “ती आबांची. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी जुन्या पिशव्यांतली पन्नास रोपं आणली, मातीसकट. न धुता. मीच गाडी लावली होती. तुम्हाला सांगू नको म्हणाले. रागावतील म्हणाले.”

बाई खाली बसल्या. त्यांनी वीतभर रोपांतलं एक उपटलं. मूळ केरसुणीच्या काडीसारखं, कोरडं, उघडं. मग आबांच्या रांगेतल्या एका रोपाची माती बोटांनी अलगद बाजूला केली. बारीक मुळांवर पांढरं मऊ आवरण होतं आणि त्यातून निघालेले धागे दूरवर मातीत शिरले होते. तेच धागे. जे त्यांनी उकिरड्यावर टाकायला लावले होते!

त्याच दुपारी बाई आबांच्या घरी गेल्या. एका खोलीचं घर. आबांची लेक दाराशी शिलाई मशीनवर बसली होती. तिनं पाय थांबवला नाही.

“दोन वर्षांनी आठवण झाली होय?”

“आबांना भेटायचंय.”

“भेटा. जास्त बोलायला लावू नका, दम लागतो.”

आबा खाटेवर उशांना टेकून बसले होते. निम्मे झाले होते. बाईंना पाहून त्यांनी हात वर केला. “बघा बाई, आता नखं स्वच्छ झाली. लेक रोज धुते.”

बाईंना हसता आलं नाही. त्यांनी रोपांची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाल्या, “आबा, माझं चुकलं. पण मला समजावून सांगा. धागा नेमकं करतो काय?”

शिकवायचं म्हटल्यावर आबांच्या डोळ्यांत थोडा जीव आला. त्यांनी लेकीकडून एक दोरा मागून घेतला. “या खाटेच्या फटीत बोट घाला.”

“जात नाही.”

“दोरा घाला.”

दोरा गेला.

“मूळ म्हणजे बोट. मातीच्या कणांमध्ये बारीक फटी असतात. अन्न तिथे असतं, ओल तिथे असते, पण मुळाचा हात पोचत नाही. धागा केसाहून बारीक, तो पोचतो. लांब जातो, आणून मुळाला देतो.”

“आणि त्याला काय मिळतं?”

“त्याला हिरवं पान कुठंय? झाड उन्हात साखर करतं, त्यातली त्याला देतं. हा फुकट खात नाही आणि ते फुकट घेत नाही.” आबांना खोकला आला. लेकीनं पाणी दिलं. मग ते म्हणाले, “सडवणारी बुरशी असते, बाई. तुम्ही पाहिलीत, ते खोटं नाही. पण एक शेजारी चोर निघाला म्हणून सगळी आळी तुरुंगात घालतात का? आणि खत बेतानं घाला. पोट भरलेलं झाड शेजाऱ्याला विचारत नाही.”

टाकीमागची माती कशी घ्यायची, तेही त्यांनी सांगितलं. गळलेल्या पानांचा थर बाजूला करायचा, वरची वीतभर माती घ्यायची, एका झाडाखालून दिवसाला एकच टोपली, आणि थर पुन्हा पांघरून ठेवायचा. म्हाताऱ्यांना उघडं टाकायचं नाही.

निघताना आबा म्हणाले, “एखादं रोप दाखवायला आणाल? मला आता तिथवर यायला जमायचं नाही.”

“आणते,” बाई म्हणाल्या आणि या वेळी त्यांनी आबांचा हात दोन्ही हातांत धरला. हात हलका होता, वाळक्या पानासारखा.

दुसऱ्या दिवशी पाटी उतरली. बाई स्वतः टोपली घेऊन टाकीमागे गेल्या. आठवडाभर उतारावर प्रत्येक रोपाशी मूठभर माती गेली. तीन महिन्यांनी पिवळ्या पानांत एक हिरवं टोक दिसलं. बाईंनी ते रोप कुंडीत काढलं, आबांना न्यायचं म्हणून. पण पाहिलं तर खालची पानं अजून जांभळीच होती. असं रोगट रोप काय दाखवायचं? थोडं नीट होऊ दे. महिन्यानं पाहिलं, तर दोन फांद्या फुटल्या होत्या, पण वाकड्या. अजून थोडं थांबू.

वाचकहो, चूक कळली तरी सवय लगेच सुटत नाही. बाईंना अजूनही धुतलेलं, नीटनेटकंच रोप दाखवायचं होतं.

दोन महिन्यांनी रोप देखणं झालं. कुंडी घेऊन बाई त्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मशीन बंद होतं आणि खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती.

“अकरा दिवस झाले,” लेक म्हणाली.

बाईंनी कुंडी उंबऱ्याशी ठेवली. म्हणाल्या, “मी थांबले होते. अजून थोडं हिरवं व्हावं म्हणून.”

“रोज विचारायचे, बाई आल्या का म्हणून.” लेकीचा आवाज चढला नाही. “पिवळं आणलं असतंत तरी चाललं असतं त्यांना. त्यांनी पानं बघितलीच नसती. मुळं बघितली असती.”

त्या दोघी संध्याकाळी उतारावर गेल्या. आबांच्या रांगेच्या टोकाला त्यांनी ते रोप लावलं. लेकीनं मूठभर माती घातली, बाईंनी घातली. खाली गल्लीतली म्हातारी दारात बसून पाहत होती. तिनं विचारलं, “आता धरेल ना?”

“धरेल,” बाई म्हणाल्या. “आजी, आता धरेल.”

बंधुभगिनींनो, झाडाचं नाव होतं, फळाचं नाव होतं. मातीतल्या धाग्याचं नाव कुणी घेत नाही. आपल्या घरात आणि कचेरीतही असे धागे असतात. त्यांची नखं मळकी असतात, बोलणं जुनं वाटतं, आणि स्वच्छतेच्या नावाखाली आपण त्यांना सहज बाहेर काढतो. त्यांना परत आणायला कधीकधी उशीर होतो. म्हणून ज्यांच्यामुळे आपण उभे आहोत, त्यांच्याकडे आजच जा, जसे असाल तसे जा. पिवळं रोप घेऊन गेलात तरी चालेल.